आसा राजाची ४१ वर्षे आणि चार शनिवार : नेरूळमधील शास्त्राभ्यास वर्गाचे परीक्षण

बायबलमधील चुकलेल्या राजांचा विषय निघाला की आपल्या व्यासपीठांवरून बहुधा दावीद आणि बथशेबा यांचा प्रसंग सांगितला जातो, नाही तर शौलाचा मत्सर किंवा उतारवयात शलमोनाचे मन कसे बहकले ही गोष्ट येते. नेरूळमधील एका मराठी मंडळीने उपवासकाळातील चार शनिवारी घेतलेल्या शास्त्राभ्यास वर्गासाठी मात्र यहूदाचा राजा आसा निवडला, आणि माझ्या मते या वर्गाचे निम्मे यश त्या निवडीतच आहे. दावीदाचे पाप इतके उघड आहे की ऐकणाऱ्याला त्यापासून स्वतःला वेगळे काढणे फारसे अवघड जात नाही. आसाने ना कोणाची बायको घेतली, ना कोणाला लढाईच्या तोंडी देऊन मारवले. तो चांगला राजा होता. त्याने देशातील मूर्ती काढून टाकल्या, मोठ्या संकटात गुडघे टेकले, प्रजेकडून परमेश्वराशी करार करवून घेतला, आणि एवढे सगळे केल्यावर, राज्य स्थिरावलेले असताना, देवाला विचारणेच सोडून दिले. वर्षानुवर्षे उपासनेला येणाऱ्या, पंचकमिटीत काम केलेल्या, दशांश न चुकवणाऱ्या माणसाला जो राजा आपल्यातला वाटावा, तो हाच.

ज्यांना वर्गाची व्यवस्था जाणून घ्यायची आहे त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगते. वर्ग मंडळीच्या सभागृहात संध्याकाळी साडेसहा ते आठ या वेळेत होतो आणि नेरूळ स्थानकावरून चालत जाता येते, त्यामुळे ठाण्याहून किंवा पनवेलकडून गाडीने येणाऱ्यांची सोय होते. शुल्क नाही, ऐच्छिक अर्पण आणि पुस्तिकेचे नाममात्र पैसे एवढाच खर्च. पेटी-तबल्यावर एक भजन, शास्त्रवाचन, पाऊण तास विवेचन आणि उरलेल्या वेळेत गटचर्चा असा क्रम असतो. लहान मुलांना शेजारच्या खोलीत संडे स्कूलच्या शिक्षिका सांभाळतात, ही सोय तरुण आईवडिलांना फार मोलाची आहे. ध्वनिव्यवस्था मात्र सुधारायला हवी, कारण मागच्या दोन रांगांना पंख्यांच्या आवाजात निम्मे शब्द ऐकू येत नाहीत आणि वयस्कर मंडळी नेमकी तिथेच बसतात.

वर्ग घेणारे सर मंडळीतलेच निवृत्त शिक्षक आहेत. त्यांची पद्धत मला आवडली, कारण ते आधी शास्त्रवचन नीट वाचून घेतात आणि बोध नंतर काढतात. पहिल्या शनिवारी त्यांनी फळ्याच्या एका बाजूला १ राजे १५ आणि दुसऱ्या बाजूला २ इतिहास १४ ते १६ या अध्यायांतील घटना लिहून घेतल्या. आसा हा शलमोनाचा पणतू, रहबामाचा नातू आणि अबीयाचा मुलगा. त्याचा काळ इ.स.पू. ९१० ते ८७० च्या सुमाराचा आणि कारकीर्द ४१ वर्षांची. राजांच्या पुस्तकात त्याला अर्ध्या अध्यायाएवढी जागा मिळते, तर इतिहासाच्या पुस्तकात पूर्ण तीन अध्याय. राजांचे पुस्तक त्याच्या पायांच्या आजाराचा केवळ उल्लेख करते. द्रष्टा हनानी, तुरुंग आणि वैद्य यांची हकिकत फक्त इतिहासात येते. उच्च स्थानांबाबतही, म्हणजे टेकड्यांवरील पूजास्थानांबाबतही, दोन्ही पुस्तकांतली विधाने सहज जुळत नाहीत. सरांनी हे फरक लपवले नाहीत. उत्तरेकडील इस्राएल राज्याचा राजा बाशा याने आसाच्या छत्तिसाव्या वर्षी चढाई केली असे इतिहास सांगतो, पण राजांच्या पुस्तकाप्रमाणे बाशाचा मुलगा एला आसाच्या सव्विसाव्या वर्षीच गादीवर बसला होता, ही अडचणही त्यांनी स्वतःहून मांडली आणि अभ्यासक तिची उत्तरे कशी देतात तेही सांगितले. श्रोत्यांचा विश्वास डळमळेल या भीतीने असे प्रश्न झाकून ठेवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. झाकलेला प्रश्न पुढे घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने विचारला की आईवडिलांची पंचाईत होते.

पहिल्या शनिवारचा उत्तरार्ध जेरह कूशी (मिसरच्या दक्षिणेकडील कूश देशाचा) याने यहूदावर केलेल्या स्वारीवर होता आणि तो उत्तम झाला. आसाकडे यहूदातील ३ लाख ढाल-भालेवाले आणि बन्यामिनातील २ लाख ८० हजार तिरंदाज होते, असे इतिहासकार आवर्जून नोंदवतो. म्हणजे तो निःशस्त्र नव्हता. त्याआधीच्या शांततेच्या १० वर्षांत त्याने तटबंदीची नगरे बांधली होती. तरीही जेरह १० लाखांचे सैन्य आणि ३०० रथ घेऊन मारेशापर्यंत आला तेव्हा आसाने प्रार्थनेत आपल्या ५ लाख ८० हजारांचा उल्लेखही केला नाही. बलवान आणि दुर्बळ यांच्यामध्ये साहाय्य करायला, हे परमेश्वरा, तुझ्यावाचून कोणी नाही, आम्ही तुझ्यावर भिस्त ठेवली आहे, असा त्या प्रार्थनेचा आशय आहे. तयारी करणे आणि तयारीवर विसंबणे या दोन गोष्टी सरांनी इथे स्पष्टपणे वेगळ्या केल्या, आणि पुढच्या तीनही शनिवारांचा पाया इथेच घातला गेला.

दुसरा शनिवार मला सर्वांत कमकुवत वाटला. संदेष्टा अजऱ्या, ओदेदाचा मुलगा, याचा संदेश, पंधराव्या वर्षीचा करार, ७०० बैल आणि ७,००० मेंढरांचे अर्पण, आजी माका हिने केलेली अशेरामूर्ती फोडून किद्रोन ओहोळाजवळ जाळणे आणि तिला राजमातेच्या पदावरून दूर करणे, हे सगळे उत्साहाने सांगितले गेले. घरातल्या वडीलधाऱ्यांविरुद्ध उभे राहण्याचे धैर्य या मुद्द्यावर गटचर्चाही रंगली. परंतु त्याच करारात एक अतिशय कठोर कलम आहे. जो कोणी इस्राएलाचा देव परमेश्वर याच्या शोधास लागणार नाही, तो लहान असो वा थोर, पुरुष असो वा स्त्री, त्याला जिवे मारावे, असे पंधराव्या अध्यायाच्या तेराव्या वचनात लिहिले आहे. हे वचन वाचून घेतले गेले आणि त्यावर एक शब्दही न बोलता वर्ग पुढे सरकला.

ही उणीव मला गंभीर वाटते आणि तिची कारणे दोन आहेत. आज येशू ख्रिस्ताच्या मागे चालणाऱ्याने हे वचन कसे वाचावे, हा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येतोच आणि त्याला उत्तर मिळायला हवे. दुसरे असे की आसाच्या कथेची सगळी गाठ या कलमात बसली आहे. ज्या राजाने परमेश्वराला न शोधणाऱ्याला मृत्युदंड लावणारी शपथ घेतली आणि देशाकडून घेववली, त्याच राजाबद्दल पुढच्याच अध्यायात असे नोंदवले आहे की दुखण्यातही त्याने परमेश्वराला शोधले नाही. स्वतःच्या शपथेच्या मापाने मोजले असते तर आसाला शिक्षा ठरलेली होती. देवाने त्याला त्या मापाने मोजले नाही. दुखणे लागल्यावरही जवळजवळ २ वर्षे दिली. कृपेबद्दल बोलण्यासाठी याहून चांगली जागा या तीन अध्यायांत नाही, आणि ती नेमकी हातून निसटली. गटचर्चेत मी हा मुद्दा काढला तेव्हा आमच्या गटातील लोक त्यावर बराच वेळ बोलत राहिले, यावरून श्रोते तयार होते असेच दिसते.

तिसऱ्या शनिवारसाठी मात्र या वर्गाला कितीही दूरवरून यावे. विषय होता रामा. इस्राएलाचा राजा बाशा याने यरुशलेमेच्या उत्तरेला अवघ्या आठेक किलोमीटरवर असलेले रामा नगर तटबंदीने बळकट करायला घेतले, म्हणजे आसाकडे कोणाला येता-जाता येऊ नये. वाशीच्या खाडीपुलावर शत्रूने कायमचे ठाणे मांडले तर नवी मुंबईचे काय होईल, एवढेच विचारून सरांनी सगळ्यांना ती कोंडी समजावली. मग त्यांनी आमच्याकडून दोन वचने एकापाठोपाठ वाचून घेतली. पंधराव्या अध्यायाच्या अठराव्या वचनात आसा आपल्या बापाने आणि स्वतः वाहिलेले सोने, रुपे आणि पात्रे देवाच्या मंदिरात आणून ठेवतो. सोळाव्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात तोच आसा मंदिराच्या भांडारातले सोने-रुपे काढून दिमिष्कात राहणारा अरामाचा राजा बेन-हदाद याच्याकडे पाठवतो. दोन्ही वचनांमध्ये अवघी दोन वचने आहेत, एक शांततेच्या वर्षांबद्दल आणि दुसरे बाशाच्या चढाईबद्दल. करारापासून बाशाच्या चढाईपर्यंतच्या सुमारे २० वर्षांत आसाने केलेली एकही प्रार्थना लिहून ठेवलेली नाही, हे सरांनी सांगितले तेव्हा सभागृहातील कुजबुज थांबली. जे देवाला वाहिले होते तेच त्याने अरामी राजाला दिले, आणि १० लाखांपुढे ज्याने हात जोडले होते, त्याला एका तटबंदीपुढे हात जोडावेसे वाटले नाहीत.

मला विशेष भावले ते हे की आसाची युक्ती फसली असे भासवण्याचा मोह सरांनी टाळला. युक्ती यशस्वी झाली. बेन-हदादाने इयोन, दान आणि उत्तरेकडील इतर नगरांवर हल्ला केला, बाशाने रामाचे काम सोडले, आणि आसाने तिथले दगड व लाकूड उचलून आणून गेबा आणि मिस्पा बांधून घेतले. राजकारणाच्या हिशेबाने याहून स्वस्तात सुटका झाली नसती. अशा यशातून माणूस शिकतो ते हे की प्रार्थनेवाचूनही भागते. आसाचेच वंशज पुढे त्याच वाटेने गेले: योवाशाने मंदिरातील पवित्र वस्तू अरामाच्या हजाएलाला दिल्या, आहाजाने मंदिराचे सोने-रुपे अश्शूरच्या राजाला पाठवले, आणि हिज्कीयासारख्या भक्तिमान राजानेही सन्हेरीबासाठी मंदिराच्या दारांवरील सोने उतरवले. पुस्तिकेत ही साखळी तक्त्याच्या रूपात दिली आहे आणि ते पान एकटेच पुस्तिकेची किंमत वसूल करते. मिस्पा येथे बाशाच्या भीतीने आसाने खोदलेल्या विहिरीचा उल्लेख यिर्मयाच्या ४१ व्या अध्यायात येतो, जिथे यरुशलेमेच्या पाडावानंतर इश्माएलाने कत्तल केलेल्यांची प्रेते टाकली. सरांनी हा संदर्भ जाताजाता दिला. त्यावर थांबायला हवे होते.

त्यानंतर हनानीचा प्रसंग आला, आणि माझी दुसरी मोठी तक्रार इथे आहे. द्रष्टा हनानी राजाकडे येतो आणि त्याला त्याच्याच आयुष्याची आठवण करून देतो: कूशी आणि लुबी यांचे सैन्य अफाट नव्हते काय, तरी तू परमेश्वरावर भिस्त ठेवलीस म्हणून त्याने ते तुझ्या हाती दिले. जे आपल्यावर पूर्ण मनाने भिस्त ठेवतात त्यांना बळ देण्यासाठी परमेश्वराची दृष्टी साऱ्या पृथ्वीवर फिरत असते, हे आपल्या घराघरांत भिंतीवर लावलेले वचन हनानीच्या तोंडचे आहे, आणि ते एका संतापलेल्या राजाला सुनावलेले आहे, हे कित्येकांना त्या दिवशी प्रथमच कळले. आसाने उत्तरादाखल हनानीला बंदीत टाकले आणि त्याच सुमारास प्रजेतील काही जणांवर जुलूम केला.

हा भाग वर्गात दहा मिनिटांत उरकला गेला. परकीय राजाची मदत घेणे ही आसाची चूक होती, यात वाद नाही. पण ती चूक सुधारता येण्याजोगी होती. दावीदही चुकला, परंतु त्याचा दोष दाखवायला संदेष्टा नाथान समोर उभा राहिला तेव्हा तो म्हणाला की मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे. दोन राजांमधला खरा फरक पापाच्या आकाराचा नाही. सत्य सांगणाऱ्या माणसाचे पुढे काय झाले, याचा आहे. नाथान दावीदाच्या दरबारात शेवटपर्यंत राहिला, शलमोनाला गादीवर बसवण्यातही त्याचा हात होता. हनानी सुटला की नाही, हे शास्त्रात लिहिलेले नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये वार्षिक सभेत हिशेब विचारणाऱ्याला खाली बसवले जाते, पाळकसाहेबांशी मतभेद दाखवणाऱ्याचे नाव पुढच्या वर्षी कोणत्याच समितीत दिसत नाही, आणि हे करणारे लोक वाईट नसतात. बहुतेकदा त्यांनीच ती मंडळी उभी केलेली असते. आसाच्या कथेतून आपल्या मंडळ्यांनी एकच गोष्ट शिकायची असेल तर ती हनानीची आहे, अशी माझी ठाम धारणा आहे. त्यासाठी एक पूर्ण संध्याकाळ द्यायला हवी होती.

चौथ्या शनिवारी आसाचे दुखणे आणि मृत्यू हा विषय होता. एकोणचाळिसाव्या वर्षी त्याच्या पायांना रोग झाला, तो फार वाढला, तरी त्याने परमेश्वराला न शोधता वैद्यांची कास धरली. रोग कोणता, हे शास्त्र सांगत नाही आणि सरांनीही तर्क लढवले नाहीत. पुस्तिकेत मात्र या भागाखाली चर्चेसाठी प्रश्न छापला होता की आजारपणात आपण डॉक्टरांवर विसंबतो की देवावर. असा प्रश्न स्पष्टीकरणाशिवाय छापणे धोक्याचे आहे, आणि मी हे जबाबदारीने लिहीत आहे. आपल्या भागात आरोग्यप्रार्थनेच्या सभेनंतर साखरेच्या गोळ्या बंद केलेली माणसे आहेत, आणि पायाला झालेल्या साध्या जखमेचे मधुमेहात काय होते, हे त्यांच्या घरच्यांना विचारावे.

सुदैवाने आमच्यात एका रुग्णालयात नर्स असलेल्या ताई होत्या. त्यांनी हात वर करून शांतपणे विचारले, “सर, मग मी रोज जे काम करते ते देवाच्या विरोधात आहे का?” सरांचे उत्तर फार चांगले होते. ते म्हणाले, “नाही ताई, तुमच्या हातांनी देवच काम करतो.” आणि मग त्यांनी एकामागून एक दाखले दिले: हिज्कीया मरणाच्या दारी असताना यशयाने प्रार्थनेसोबत अंजिरांचे पोटीस बांधायला सांगितले, पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, लूक स्वतः वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय म्हणतो, आणि निरोग्यांना नव्हे तर दुखणाइतांना वैद्याची गरज असते हे तर प्रभू येशूचेच शब्द आहेत. आसाचा दोष वैद्यांकडे जाण्यात नाही. ज्याच्याकडे आधी जायचे त्याच्याकडे तो गेलाच नाही, यात आहे. रामाच्या वेळी सोने-रुपे, आजारात वैद्य. दोन्ही वेळा मदत आपापल्या जागी ठीक होती, पण देवाशी बोलणे तुटलेले तसेच राहिले. हे सगळे पुस्तिकेत त्या प्रश्नाखालीच छापायला हवे, कारण पुस्तिका घरी जाते आणि वर्गात न आलेले लोकही ती वाचतात.

शेवटचा अर्धा तास दोन पुस्तकांच्या निकालावर गेला. राजांचे पुस्तक म्हणते की आसाचे मन आयुष्यभर परमेश्वराच्या ठायी पूर्ण होते. इतिहास त्याचे मन हटलेले दाखवतो, आणि तरीही त्याला सुगंधी द्रव्यांनी भरलेल्या शय्येवर ठेवून दावीदपुरात सन्मानाने पुरल्याचे सांगतो. देव माणसाचे आयुष्य शेवटच्या पानावरून मोजत नाही, असे सरांचे म्हणणे होते, आणि मत्तयाच्या पहिल्या अध्यायातील प्रभूच्या वंशावळीत आसाचे नाव आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले. मला हे मान्य आहे, पण त्याने समाधान पूर्ण होत नाही. तुरुंगातला हनानी आणि जुलूम सोसलेली प्रजा यांच्या दृष्टीने ती शेवटची वर्षे काही किरकोळ नव्हती. दोन्ही निकाल शास्त्राने शेजारी शेजारी ठेवले आहेत, तर आपणही एकाने दुसरा पुसू नये.

कथेचा पुढचा धागा वर्गात आलाच नाही, याची मला हळहळ वाटली. हनानीचा मुलगा येहू आसाच्या मुलाकडे, यहोशाफाट राजाकडे, असेच कडक बोल घेऊन गेला. बापाने ज्याच्या बापाला बंदीत टाकले होते, त्या संदेष्ट्याचे यहोशाफाटाने ऐकून घेतले, देशात न्यायाधीश नेमले, आणि पुढे मोठे सैन्य चालून आले तेव्हा काय करावे हे आम्हांला कळत नाही, आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत, अशी प्रार्थना केली. त्याच येहूने यहोशाफाटाचा वृत्तांत लिहून ठेवल्याचे विसाव्या अध्यायात नमूद आहे.

हा वर्ग पुन्हा घेण्याचा मंडळीचा विचार असल्याचे शेवटच्या दिवशी सांगण्यात आले. तेव्हा त्यांनी पाचवा शनिवार वाढवून तिसऱ्या दिवसाचे दोन भाग करावेत, हनानीला स्वतंत्र संध्याकाळ द्यावी आणि येहूचा प्रसंग त्याला जोडावा, पुस्तिकेतील आजारपणाचा प्रश्न बदलावा, आणि मागच्या रांगांसाठी एक ध्वनिवर्धक बसवावा, अशी विनंती मी लेखी दिली आहे. जाणाऱ्यांनी २ इतिहास १४ ते १६ आणि १ राजे १५ हे अध्याय घरून वाचून जावे, शक्य तर तिसऱ्या शनिवारी कुठलेही दुसरे काम ठेवू नये, आणि पुस्तिकेची एक जादा प्रत आपल्या पंचकमिटीसाठी घ्यावी.